स्कोपच्या रिंगा: तिसऱ्या सेटला बसल्या एकदाच्या

साडेसहा हजारांचा स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण, आणि तो बंदुकीला धरायला खोक्यातच फुकट आलेल्या दोन रिंगा. दुकानदाराने खोकं पुढं केलं तेव्हा मी खूश झालो होतो, हे आता लाजतच कबूल करतो. कारण बेळगावच्या शहापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांना मी एकच ऐकवत आलोय, की काच कितीही भारी घ्या, फ्रेम वाकडी बसली तर डोकं दुखणारच. आणि तोच मी स्वतःच्या बंदुकीची फ्रेम फुकट मिळाली म्हणून हसत हसत घरी घेऊन आलो.

बंदूक म्हणजे एअरगन. 0.177 ची, नळी मोडून छर्रा भरायचा, स्प्रिंगवाली. 20 ज्यूलच्या आतली, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. रविवारी गर्लगुंजीला सासऱ्यांच्या शेतावर जातो. भात कापून झालं की बांधाला पुठ्ठा टेकवायचा आणि 20 मीटरवरून कागदाला भोकं पाडायची, एवढाच छंद. शेजारच्या रानातले लोक दरवर्षी विचारतात, "डुक्कर पडतंय काय ओ ह्यानं?" पडत नाही. आणि पडत असतं तरी मी हात लावला नसता. 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि मला दुकान चालवायचंय.

माझ्याबरोबर भाचा असतो, बारावीतला. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसात 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं, तेव्हापासून हा पोरगा नेमबाजीच्या नादाला लागलाय. त्याची समजूत होती की कुसाळेच्या रायफलीवर असाच स्कोप असणार. तसं नसतं. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून बघायची साइट असते. स्कोप हा आमच्यासारख्या चाळिशी लागलेल्यांचा लाड. उघड्या साइटीला मागची खाच, पुढचा दाणा आणि लांबचा कागद अशी तीन ठिकाणं एकाच डोळ्याने एकाच वेळी स्पष्ट बघावी लागतात. पंचेचाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होतं, त्याला ते जमत नाही. स्कोपमध्ये क्रॉस आणि कागद एकाच पातळीवर दिसतात, डोळ्याचे कष्ट वाचतात. म्हणून घेतला. 3-9x40, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच 40 मिलिमीटरची, आणि त्या काचेला अंतराप्रमाणे फिरवायची कडी असलेला. शेजारच्या सराफाच्या काट्यावर तोलून बघितला, 512 ग्रॅम भरला. सराफ म्हणाला, "एवढं सोनं असतं तर दुकान बंद करून बसला असतास."

तर पहिला सेट. दोन सुट्या रिंगा, काळा चकचकीत रंग, प्रत्येकीवर चार स्क्रू. हातात घेतल्या तर खेळण्यासारख्या हलक्या, आणि आतल्या बाजूला साच्याची शिवण स्पष्ट दिसत होती. ओतीव माल. आमच्या गावाला ओतकामाचं नवं नाही, उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत, फौंड्र्या आहेत, पण ओतलेल्यावर मशीन फिरवायचं असतं ते इथं कुणी फिरवलंच नव्हतं. बसवला. पहिले दहा छर्रे छान गेले. पुढचे दहा खाली जायला लागले. मी स्कोपचा स्क्रू फिरवून वर आणलं. परत खाली. परत वर. असं करत करत तासभर गेला आणि भाचा बंदुकीकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, हलूलालंय ते."

हलत होतं खरंच. पुढच्या आठवड्यात बायकोची लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि रिंगेच्या बुडापासून बंदुकीच्या रेलवर, म्हणजे रिंगा जिला धरतात त्या पाठीवरच्या पट्टीवर, एक बारीक रेघ ओढली. पन्नास छर्ऱ्यांनंतर रेघेचे दोन तुकडे झाले होते. वरचा अर्धा खालच्या अर्ध्यापासून सव्वा दोन मिलिमीटर मागे, माझ्या डोळ्याच्या दिशेने सरकलेला. व्हर्नियर लावून मोजलंय, उगीच सांगत नाही. रिंगेने जाता जाता रेलवरचा काळा रंगही ओरबाडला होता.

मागे का, पुढे का नाही, हे मला नीट कळलं तेव्हा पुढचं सगळं सोपं झालं. घोडा दाबला की आतला दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो, म्हणून बंदूक आधी मागे येते. मग तो दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो आणि जाता जाता अख्ख्या बंदुकीला पुढे हिसडा देतो. हा दुसरा हिसडा जास्त वाईट. खानापूरच्या बसमध्ये उभे असताना ड्रायव्हरने एकदम क्लच सोडला की आपण मागच्याच्या अंगावर जातो ना, तसंच. बंदूक पुढे सटकते, स्कोप जागेवर राहू बघतो, म्हणजे बंदुकीच्या हिशेबात तो मागे सरकतो. काडतुसाच्या रायफलीचा धक्का कितीही मोठा असला तरी एकाच दिशेचा असतो. त्यामुळे मोठमोठ्या रायफलींवर टिकणारे महागडे स्कोप आमच्या या साध्या स्प्रिंगवालीवर खिळखिळे होऊ शकतात. स्कोप घेताना तो स्प्रिंगच्या एअरगनला चालतो असं लिहिलेलं असेल तरच घ्या. रिंगांच्या खोक्यावर मात्र सहसा असं काही लिहिलेलं नसतं, तिथं आपणच डोकं लावायचं.

डोकं लावायचं म्हणजे काय, तर रिंगेच्या बुडाशी एक पिन आहे का बघायचं. तीन मिलिमीटर जाडीची, वरून एलन कीने खाली उतरवता येणारी बारीकशी पिन. स्प्रिंगच्या बऱ्याच बंदुकींच्या रेलवर मागच्या बाजूला एकदोन भोकं पाडलेली असतात. माझ्या बंदुकीला तीन होती. पहिलं वर्षभर मला ती भोकं कारखान्यातल्या कसल्यातरी कामाची, उरलेली वाटत होती. ती या पिनेसाठी असतात. पिन भोकात उतरली की माउंट, म्हणजे रिंगा आणि त्यांचं बूड, मागे सरकायला जागाच राहत नाही, मग स्क्रूच्या पकडीवर सगळा भार टाकायची गरज नाही. माझ्या फुकटच्या रिंगांना पिन नव्हती. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "अहो रिंग म्हणजे रिंग. आवळून टाका जरा." आवळून टाकलं. एका स्क्रूचा आटा गेला.

दुसरा सेट ऑनलाइन. इथं माझी चूक कमी आणि पाठवणाऱ्याची जास्त, पण चूक माझीही होतीच. मला हवा होता 11 मिलिमीटरच्या डव्हटेलला बसणारा. एअरगनच्या पाठीवर दोन उभ्या खाचा कोरलेल्या असतात, तो डव्हटेल. दुसरा प्रकार म्हणजे आडव्या खाचांची रुंद रेल, 21 मिलिमीटरच्या आसपासची. त्यातही वीव्हर आणि पिकाटिनी अशी दोन घराणी आहेत. पिकाटिनीच्या खाचा 5.23 मिलिमीटर रुंद आणि ठरलेल्या अंतरावर, 10.01 मिलिमीटरला एक. वीव्हरच्या खाचा अरुंद, 4.57 च्या. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर साधारण बसून जातात, उलट बसतीलच असं नाही. हे सगळं मी नंतर शिकलो. पार्सल आलं त्यात रुंद रेलच्या रिंगा. वर "सर्व बंदुकींना चालते" असा कागद. परत घ्या म्हटलं तर खोकं उघडलंय म्हणून घेणार नाही. उघडल्याशिवाय आत काय आहे ते कसं कळणार, या प्रश्नाला फोनवरच्या पोरीकडे उत्तर नव्हतं, आणि तिचा त्यात दोषही नव्हता. तीन आठवडे मेल पाठवल्यावर बदलून दिलं, कुरियरचा खर्च माझा.

बदलून आलेला सेट दिसायला देखणा. अल्युमिनियमच्या सळईतून कापलेला, कडा गोल केलेल्या, स्क्रू टॉर्क्सचे, चांदणीसारख्या खाचेचे. किंमत 1,450. पण दोन भानगडी. पिन नाही ती नाहीच, आणि उंची भलतीच.

उंचीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक इथंच फसतात. लो, मीडियम, हाय हे शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळे. एकीचा हाय तो दुसरीचा मीडियम. त्यापेक्षा पट्टी घ्या. माझ्या स्कोपच्या पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास 52 मिलिमीटर भरला. खोक्यावरचा 40 हा आकडा आतल्या काचेचा, बाहेर धातू आणि ती फिरवायची कडी असते, हे विसरायचं नाही. निम्मे 26. स्कोपची नळी 1 इंच, म्हणजे 25.4, तिचे निम्मे 12.7. वजा केले, राहिले 13.3. म्हणजे रेलच्या माथ्यापासून नळीच्या बुडापर्यंत रिंगेने कमीत कमी 13.3 उचललं पाहिजे, नाहीतर स्कोपचं तोंड बंदुकीला घासणार. त्यात दोन-तीन मिलिमीटर हवा सोडली की झालं 16. माझा हा देखणा सेट 25 उचलत होता. परिणाम असा की डोळा स्कोपला लावायचा तर गाल दस्त्यावरून उठायचा आणि हनुवटी टेकून नेम धरायला लागायचा. हनुवटी टेकून नेम म्हणजे नाकाच्या शेंड्यावर चष्मा घालून सुईत दोरा ओवणं. एखादेवेळी जमतंही, पण दरवेळी डोळा वेगळ्या जागी येतो.

फार खालीही नको. नळी मोडणाऱ्या बंदुकीत छर्रा भरताना बोटं स्कोपच्या तोंडाखालून जातात, माझी बोटं काही नाजूक नाहीत.

पण पैसे गेलेत तर शिकून तरी घ्यावं म्हणून मी तो सेट घेऊन उद्यमबागेत गेलो. तिथं लेथ चालवणारा एक माझा बायफोकलचा गिऱ्हाईक आहे. हुबळीकडचा, मराठी माझ्याइतकंच बोलतो पण हातात काम आलं की कानडीतच पुटपुटतो. त्याने रिंगा बघितल्या आणि काही न बोलता ईएन8 पोलादाचा एक गज लेथवर लावून 25.4 ला उतरवला. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजला. मग त्यावर निळी शाई पुसली, तीच जी फिटर लोक मार्किंगला वापरतात, आणि गज दोन्ही रिंगांत ठेवून हलकेच मागेपुढे केला. गज उचलला. पुढच्या रिंगेत निळा डाग जवळजवळ पूर्ण, मागच्या रिंगेत फक्त डावीकडच्या कडेला एक चंद्रकोर. "हिथं तेवढं धरतंय बघा," त्याने नखाने दाखवलं. "बाकी हवेत."

मला तो डाग बघून जे वाटलं ते सांगायला आमच्या धंद्यातलं एक माप सांगावं लागेल. प्रकाशाची रेघ एक मीटरवर एक सेंटिमीटर ढळली तर आम्ही त्याला एक प्रिझम म्हणतो. समजा दोन रिंगांत 100 मिलिमीटर अंतर आहे आणि एक रिंग केसाएवढी, 0.1 मिलिमीटर, वाकडी आहे. हा ढळ झाला 0.1 प्रिझम. चष्म्यात एवढा फरक राहिला तर गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. पण 20 मीटरवर हाच ढळ 20 मिलिमीटर होतो. माझ्या कागदावरचं अख्खं काळं वर्तुळ 30 मिलिमीटरचं. एवढा ढळ स्कोपच्या स्क्रूने भरून काढता येतो, पण मग स्क्रू एका टोकाला जातात, आणि शिवाय नळीला कायमचा पीळ बसून राहतो तो वेगळाच.

त्याने मग व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट काढली. गजाला लावली आणि रिंगांची वरची झाकणं सैल ठेवून गज मागेपुढे, मागेपुढे. मधून पुसायचं, निळं लावायचं, बघायचं. मी म्हटलं अजून थोडं करू. "साक री, साक!" पुरे म्हणजे पुरे. जास्त घासलं तर भोकच मोठं होतं आणि मग रिंग कितीही आवळली तरी नळी धरत नाही. अर्ध्या-पाऊण तासात मागच्या रिंगेत डाग निम्म्याच्या वर पसरला. पैसे घेतले नाहीत, चष्म्याची दांडी सैल झालीय तेवढी घट्ट करून द्या म्हणाला. पेस्टने आतला काळा थर निघून जातो आणि उघडं अल्युमिनियम राहतं हे मात्र लक्षात ठेवा. चांगल्या कंपनीच्या रिंगांना हे काही करू नका, गरज नसते आणि वॉरंटीही जाते.

हे सगळं करूनही तो सेट माझ्या बंदुकीवर टिकला नाही. नेलपॉलिशची रेघ तुटायला या वेळी दीडशे छर्रे लागले, एवढाच फायदा.

तिसरा सेट मी घाईने घेतला नाही. बेळगावच्या बाजारातल्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा नुसता आकड्यांचा कागद घेऊन गेलो: डव्हटेल 11, नळी 1 इंच, उचल 15 ते 18, पिन पाहिजेच, रेलवरच्या शेवटच्या भोकापासून पुढच्या टोकापर्यंत इतकं. म्हातारे मालक चष्मा वर करून कागद वाचत बसले. (चष्मा त्यांचा जुनाट आहे, त्याबद्दल मी काही बोललो नाही. माझ्याकडून घेतलेला नाही.) मग म्हणाले, "असलं लिहून कोण आणत नाही ओ. लोक येतात ते, दोनशेचं दाखवा, म्हणतात." त्यांच्याकडे नव्हता, मागवला, बारा दिवसांत आला. 3,900 रुपये. दुकानाला माझे पैकीच्या पैकी गुण, कारण आल्यावर त्यांनी स्वतः फोन केला आणि बंदूक घेऊन या, इथंच लावून बघा, बसला नाही तर परत घेतो म्हणाले. असं म्हणणारं दुकान मला दोन वर्षांत दुसरं भेटलं नाही.

माउंट एकसंध आहे, वन-पीस. एकाच बुडावर दोन रिंगा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच कंपनीचा अगदी तसाच दिसणारा पण बिनपिनेचा प्रकारही मिळतो आणि नाव बघून तुम्ही नेमका तोच घेऊन याल. बघायच्या खुणा सांगतो. खालून उलटा करून धरला की मागच्या टोकाला पिनेचं तोंड दिसतं. रेल धरणारा जबडा पूर्ण लांबीचा आहे, तुकड्यातुकड्यांचा नाही, आणि त्याला चार स्क्रू. रिंगेच्या प्रत्येक झाकणाला चार स्क्रू. आत भोकाला बारीक गोल गोल रेघा, म्हणजे दोन्ही रिंगा मशीनवर कापलेल्या. उद्यमबागेतल्या मित्राला निळी शाई घेऊन बोलावलंच. दोन्हीकडे सारखा डाग आला, त्याने "बेस" म्हटलं आणि चहा घेऊन गेला.

बसवायला एक पूर्ण सकाळ घेतली. आधी रेल, माउंट आणि स्कोपची नळी, तिन्ही दुकानातल्या काच पुसायच्या स्पिरिटने पुसली. तेलाचं बोट जरी राहिलं तरी पकड जाते. माउंट रेलवर ठेवला, पिन मागून दुसऱ्या भोकात उतरवली, आणि महत्त्वाचं म्हणजे माउंट मागे ओढून पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकवूनच जबडा आवळला. हे केलं नाही तर पिन भोकात मोकळी राहते आणि पहिल्या काही छर्ऱ्यांत माउंट तेवढं अंतर सरकून मगच थांबतो. मग आपण म्हणणार पिनवालाही सरकतो.

मग स्कोप ठेवला, झाकणं सैल. डोळ्यापासूनचं अंतर बघायला माझा धंदा कामाला आला. चष्म्याची काच डोळ्यापासून 12 ते 14 मिलिमीटरवर बसवतो आम्ही, इथं ते 80-90 मिलिमीटर लागतं. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवायचा, आरामात, मान न ताणता, आणि मग डोळा उघडायचा. गोल पूर्ण दिसला तर बरोबर, कडेला काळी सावली आली तर स्कोप पुढे-मागे. हे सगळ्यात मोठ्या झूमवर बघायचं, तिथं जागा सगळ्यात कमी असते. एकसंध माउंटची खोड इथं कळते. सुट्या रिंगा हव्या तिथं हलवता येतात, हा हलत नाही, आणि स्कोपच्या मधोमध असलेली घुंडी दोन्ही रिंगांच्या मध्ये अडकते. माझ्या स्कोपला कसाबसा 9 मिलिमीटर वाव मिळाला. तुमच्या स्कोपची घुंडी मोठी असेल तर आधी ते अंतर मोजा, नाहीतर एवढा चांगला माउंट घेऊन मान वाकडी करून बसाल.

क्रॉस सरळ करायला गर्लगुंजीच्या गवंड्याकडून ओळंबा आणला. आंब्याच्या फांदीला 20 मीटरवर टांगला, वारा नको म्हणून सकाळी सातला. बंदूक दोन वाळूच्या पिशव्यांवर, रेलवर छोटी स्पिरिट लेव्हल, आणि स्कोपमधली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर बसेपर्यंत नळी फिरवायची. बसली, की आवळायला घ्यायचं. आणि इथं घोटाळा होतो: एका बाजूचे स्क्रू आवळले की नळी त्या बाजूला वळते. म्हणून चारी स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने, मोटारीचं चाक लावतात तसे, एकेक पाव फेरा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. मी मधून मधून फटीत फ्रेमच्या नमुन्यांचं कार्ड सरकवून बघत होतो.

किती आवळायचं? झाकणाच्या स्क्रूंना 15 ते 18 इंच-पाउंड हा साधारण मान्य आकडा आहे, म्हणजे 2 न्यूटन-मीटरच्या आसपास. पान्यावर अख्ख्या मुठीने जोर लावला की तो कधीच ओलांडला जातो. माप दाखवणारा पाना नसेल तर एलन कीचं लांब टोक स्क्रूत घाला आणि आखूड टोक दोन बोटांनी फिरवा. बोटं थांबली की आपणही थांबायचं. भाचा तिसऱ्या बोटाची मदत घ्यायला लागला तेव्हा माझ्याही तोंडून "साक री" निघालं. जास्त आवळलं तर नळी दबते, आणि आतल्या काचा सरकवणारी यंत्रणा अडकते. झूम फिरवताना मध्येच जड लागायला लागलं तर समजा रिंगेने गळा धरलाय. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट लावायचं तर जबड्याच्या स्क्रूंना, तेही थेंबभर. झाकणाच्या स्क्रूंना मी लावत नाही. ते ओलं असताना स्क्रू जास्त सहज फिरतो आणि आवळण्याचा अंदाज चुकतो.

शेवटी रेघ. तीच लाल नेलपॉलिश.

आता आठ महिने झाले. सातशेच्या आसपास छर्रे मारले असतील. रेघ अखंड आहे. 20 मीटरवर पिशवीवरून पाच छर्रे नव्या रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात, माझ्या हाताला यापेक्षा जास्त येत नाही आणि त्यात रिंगांचा दोष नाही. मधे जूनमध्ये पावसाने बंदूक माळ्यावर गेली. ऑक्टोबरात काढली तर नेम होता तिथंच.

तक्रारी आहेत. माउंटचा धातू चांगला पण स्क्रू साधे. खानापूरच्या पावसाळी हवेत दोन स्क्रूंच्या डोक्यावर तांबूस गंज चढला. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून पुसला. सोबत आलेली एलन की मऊ लोखंडाची, तिचे कोपरे पहिल्याच दिवशी झिजले. ती टाकून बाजारातून चांगली घ्या. पिनेचा स्क्रू इतका बारीक की आपल्याला कळतच नाही कुठपर्यंत उतरला. आणि वजन आहे, 140 ग्रॅम, सराफाच्या काट्यावर. स्कोपसकट बंदूक आता पुढे नाही, वर जड लागते.

ज्यांच्या बंदुकीच्या रेलला भोकं नाहीत त्यांनी पिनेवर पैसे घालू नका, पिन जाणार कुठं? त्यांनी रेलच्या मागे बसणारा वेगळा अडसर घ्यावा, किंवा बीकेएल कंपनीसारखे निव्वळ पकडीवर धरणारे माउंट बघावेत. स्कोपच्या नळीवर वळ नको असतील किंवा बंदुकीची नळी जन्मतःच खाली झुकलेली असेल तर बरिस कंपनीच्या सिग्नेचर रिंगा आहेत, आत प्लॅस्टिकची गोल फिरणारी कडी असते, जाड-पातळ कड्या घालून स्कोप थोडा कलवता येतो. मी वापरलेल्या नाहीत, पण चष्म्यातल्या प्रिझमसारखी ती कल्पना मला फार आवडली. आणि तुमची बंदूक दाबलेल्या हवेची, पीसीपी, असेल तर वरचं निम्मं विसरून जा. तिला हिसडा जवळजवळ नसतोच. उंची आणि रुंदी बरोबर घ्या, बास.

भाच्याने दिवाळीला पीसीपी घेतली, तिच्यावर माझा तो 1,450 चा देखणा सेट बसवलाय. त्याची मान माझ्यापेक्षा लांब आहे, 25 ची उंची त्याला बरोबर बसते. पहिल्या फुकटच्या सेटमधली आटा गेलेली रिंग फेकून दिली. दुसरीत एक टॉर्च अडकवून ती लेन्स घासायच्या मशीनवर लावलीय. तिथं ती हलत नाही.